काटा सरकारचा, भाव बाजाराचा

लासलगावच्या आवारात कांद्याच्या ट्रॉल्या रांगेत लागलेल्या असतात. बाजार समितीचा कर्मचारी पुढे, त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका. कुणीतरी फळीवर पाय देऊन वर चढतो, वरचा माल बाजूला सारून आतले चार कांदे उपसतो, मान दाबून पाहतो, पत्ती सुटलीय का ते अंगठ्याने चोळून बघतो. पुकारा सुरू होतो, क्विंटलमागे दहा-वीस रुपयांनी चढतो आणि बहुतेक वेळा मिनिटाच्या आत २०-२५ क्विंटल माल विकला गेलेला असतो. भावाची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो आणि ही ट्रॉली भुईकाट्याकडे वळते.

या मिनिटभरात सरकार दोन ठिकाणी हजर असतं. एक आवारात: बोली उघड लागावी, वजन खरं व्हावं, पैसे लगेच मिळावेत म्हणून. दुसरं दिल्लीत: हा कांदा देशाबाहेर जाऊ द्यायचा का, जाऊ दिला तर किती करावर, आणि घेणाऱ्याने साठवायचा किती. मुक्त बाजाराच्या बाजूने बोलणारे बरेच जण या दोन्ही सरकारांना एका दमात शिव्या घालतात. ‘शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तोंडी देऊ नका’ म्हणणारे दोघांचीही एका दमात आरती करतात. माझं म्हणणं असं की ही दोन कामं एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्यामुळे बाजार उभा राहतो, दुसऱ्यामुळे तो बसतो. पहिल्यातही कीड लागते, पण ती वेगळ्या जातीची.

आधी पहिलं. नियमन नव्हतं तेव्हा अडत्या, म्हणजे मधला दलाल, आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. मालाचा धनी समोर उभा, आणि त्यालाच भाव कळत नसे. त्यावर कापण्या वेगळ्या: अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, नमुना म्हणून उचललेला माल. १९२८च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने बाजारातल्या या कापण्यांकडे बोट दाखवून देशभर नियंत्रित बाजार उभारण्याची शिफारस केली. वऱ्हाडात मात्र त्याच्या किती तरी आधी सुरुवात झाली होती. कारंज्याचा कापूस बाजार १८८६मध्ये नियमनाखाली आला आणि १८९७मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. त्यामागे शेतकऱ्याचा कळवळा किती आणि विलायतेतल्या गिरण्यांना नीट माल हवा होता हे कारण किती, हा वाद इतिहासकारांनी घालावा. कायद्याने काम मात्र योग्य धरलं होतं: बोली उघड, वजन एकाच काट्यावर, कापण्या ठरलेल्या. भाव किती असावा, हा या मूळ कल्पनेचा विषयच नव्हता. आपला १९६३चा कृषी उत्पन्न पणन कायदा त्याच वंशातला.

मुक्त बाजाराच्या कट्टर समर्थकांना हे नियमन का खुपू नये, ते काट्यावर उभं राहिलं की कळतं. भुईकाट्याचा आकडा साधारण ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने पुढे जातो. कांदा १,५०० रुपये क्विंटल असेल तर १० किलोच्या एका टप्प्याचे १५० रुपये. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी अशी दोन वजनं होतात, म्हणजे चूक किंवा चलाखी व्हायला दोन जागा. गाडी चढण्याआधी आकडा शून्यावर नसला, फलाटाच्या फटीत माती-खडे अडकून तो मोकळा हलत नसला, ट्रॉलीचं मागचं चाक काठावर राहिलं, तर वजन बदलतं. भरल्या वजनाला ड्रायव्हर खाली उतरला आणि रिकाम्या वजनाला सीटवर बसून राहिला, तर त्याचे ६०-७० किलो कांद्यातून वजा होतात, म्हणजे हजारेक रुपये. ट्रॉलीच्या तळाशी माल राहिला तर तोही तसाच जातो. यातली एकही गोष्ट शेतकऱ्याला घरून तपासून येता येत नाही. विकणाऱ्याला एक माहीत आणि घेणाऱ्याला दुसरं, अशी परिस्थिती असली की स्पर्धा असूनही बाजार नासतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने हेच मांडलं. म्हणून इलेक्ट्रॉनिक काट्याला वैध मापनशास्त्र खात्याचा दरवर्षी शिक्का लागतो. या शिक्क्याने भाव एक पैशाने बदलत नाही. तो कशाला लागतोय, एवढंच खरं होतं.

पैशांचंही तसंच. लिलावात घेतलेल्या मालाचे पैसे लगेच द्यायचे, हा समितीच्या आवारातला नियम, आणि व्यापाऱ्याकडून तारण किंवा बँक हमी घेतलेली असते ती त्यासाठीच. फेब्रुवारी २०२३मध्ये सोलापूरच्या बाजारातली एक पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, देशभर गाजली. ५१२ किलो कांदा, भाव किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात २ रुपये ४९ पैसे. चेक २ रुपयांचा निघाला, आणि तोही पुढच्या तारखेचा. सगळा राग १ रुपयावर निघाला. मला त्यातलं खटकलं ते पुढच्या तारखेचं. त्या दिवसांत लाल कांद्याची आवक दाटली होती, माल टिकणारा नव्हता, भाव पडणारच होते. ते क्रूर असलं तरी बाजाराचंच बोलणं होतं. पण रोख व्यवहाराच्या आवारात पंधरा दिवसांनंतरचा चेक निघतो, ही नियमनाची नापास गुणपत्रिका. आपण रडलो भावासाठी, आणि ज्या गोष्टीची दाद समितीकडे मागता आली असती ती तशीच सुटली.

उलट बाजू पाहायची तर त्याच नाशिक जिल्ह्यात द्राक्षाकडे बघा. द्राक्षाचा सौदा बहुतेक बागेवरच होतो. व्यापारी येतो, किलोचा भाव ठरतो, पहिल्या दोन-चार गाड्यांचे पैसे चोख देतो, मग माल जात राहतो आणि पैसे मागे राहतात. हंगाम संपता संपता फोन बंद. ना तारण, ना हमी, ना नोंद. दर वर्षी पोलीस ठाण्यात त्याच तक्रारी जातात. इथे सरकारने भाव पाडला नाही, निर्यात बंद केली नाही, कुणाला अडवलंही नाही. करार पाळला जाईल एवढी एक गोष्ट केली नाही. मुक्त बाजार म्हणजे सरकार गायब, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक हंगाम द्राक्षाची उधारी वसूल करून पाहावी.

आता या पहिल्या सरकारची कीड. काटा आणि पैसे सांभाळण्यासाठी परवाने आले, आणि परवाना आला की दाराशी राखणदार आला. कागदावर परवाना स्वस्त असतो. खरी अडचण जागेची. कांदा घेणाऱ्याला माल उतरवायला, निवडायला, गोण्या भरायला खळं लागतं, तारण लागतं, आणि आवारातले गाळे मोजके. त्यामुळे मोठ्या आवारातही एका ट्रॉलीवर मनापासून बोली लावणारे थोडेच उरतात. रोज तेच लोक, त्याच क्रमाने, एकाच संघटनेचे सभासद. अ‍ॅडम स्मिथने १७७६मध्ये लिहून ठेवलंय की एकाच धंद्यातले लोक मौजमजेसाठी जरी जमले तरी बोलणं शेवटी गिऱ्हाइकाविरुद्धच्या कटापाशी पोचतं. त्याच्या पुढचं वाक्य फारसं कुणी सांगत नाही. असं जमणं कायद्याने रोखता येणार नाही, पण निदान कायद्याने त्यांना जमवू तरी नये, असा त्याचा रोख आहे. आपल्या बाजार समित्यांनी नेमकं तेच केलं: सगळ्यांना एका कुंपणात आणलं आणि बाहेर विकायला मनाई केली.

समितीवर कोण बसतं तेही पाहावं. १८ संचालकांपैकी ११ सहकारी सोसायट्यांच्या मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायतींतून, २ व्यापारी-अडते, १ हमाल-मापाडी. म्हणजे ट्रॉली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाचं मत तिथे पोचतं ते सोसायटीच्या आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांच्या हातून. मध्ये एकदा थेट शेतकऱ्यांना मत दिलं गेलं, मग ते काढून घेतलं गेलं. जॉर्ज स्टिगलर यांचा १९७१चा सिद्धांत असा की नियमन बहुधा ज्यांच्यावर असतं त्यांच्याच ताब्यात जातं, कारण त्यांना त्यात रोजचा रस असतो आणि बाकीच्यांना वर्षातून दोनदा. शिकागोच्या प्राध्यापकाने अमेरिकेतल्या मालवाहतुकीकडे पाहून जे लिहिलं ते आपल्या तालुक्याच्या राजकारणात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

आणि नियम म्हातारे होतात, पण निवृत्त होत नाहीत. तोलाई हा त्याचा नमुना. माल गोणीत यायचा, गोणी पाठीवरून उतरायची, तराजूवर चढायची, मापाडी वजन करायचा, तेव्हाची ही मजुरी. आज ट्रॉली भुईकाट्यावर जाते, यंत्र आकडा दाखवतं, पुढे खळ्यावर ट्रॉली उचलून माल ओतला जातो. काम गेलं, कापणी राहिली. त्यावर माथाडी मंडळाची लेव्ही, आणि ती कुणी भरायची यावर जुना वाद. एप्रिल २०२४मध्ये या हमाली-तोलाई-लेव्हीच्या भांडणात नाशिक जिल्ह्यातले कांदा लिलाव कित्येक दिवस बंद पडले. शेतकरी ना हमाल ना व्यापारी, पण उन्हात ट्रॉली त्याची उभी. माथाडी कायदा १९६९चा. तो ज्यांच्यासाठी झाला त्या माणसांच्या पाठीवरचं ओझं खरं होतं, त्याची टिंगल करायचं कारण नाही. पण न केलेल्या कामाची मजुरी तिसऱ्याच्या पट्टीतून कापणं हे संरक्षण नव्हे.

२०१६च्या जुलैत राज्याने फळं-भाजीपाला, कांदा-बटाट्यासकट, समितीच्या सक्तीतून काढला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली. व्यापाऱ्यांनी काही काळ लिलाव बंद ठेवले, मग सुरू झाले. मोठा भूकंप झाला नाही. कारण एवढंच: बाहेर विकायची मोकळीक मिळाली, पण बाहेर काटा, तारण, रोजचा जाहीर भाव यातलं काही आपोआप उगवलं नाही. म्हणून माणसं त्याच आवारात राहिली, आणि तिथे राहूनही थोडी फायद्यात राहिली, कारण आता जायला दुसरी वाट होती. माझ्या मते सुधारणेचा योग्य क्रम हाच. जुनं आवार मोडायचं नाही, त्याची मक्तेदारी मोडायची. समितीच्या १ टक्का फीची घासाघीसही त्यातूनच होते. सप्टेंबर २०२३मध्ये नाशिकच्या व्यापाऱ्यांनी ती अर्ध्यावर आणा म्हणून लिलाव बंद ठेवले होते. शेजारी दुसरा बाजार असता तर हे भांडण संपाने नव्हे, गाड्या वळवून मिटलं असतं.

आता दिल्लीतलं सरकार.

तिथे कांद्याबद्दलची मूळ समजूत अशी की भाव चढला म्हणजे कुणीतरी साठा दाबून बसलंय. साठवणं म्हणजे काय ते आधी पाहू. देशातला सुमारे ७० टक्के कांदा रब्बीचा, म्हणजे उन्हाळ. तो मार्च ते मेमध्ये निघतो आणि खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येईपर्यंत त्यावरच देश जेवतो. म्हणजे मे महिन्यात ज्याने चाळ भरली नाही त्याच्यामुळे सप्टेंबरात टंचाई होते, भरली त्याच्यामुळे नाही. चाळ म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, दोन्ही बाजूंनी हवा खेळणारा, चारेक फूट रुंदीचा आणि चार-पाच फूट थराचा कप्पा. थर त्याहून चढवला तर खालचा कांदा दाबाने आणि उबेने सडतो. नीट भरलेल्या चाळीतही चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्के घट होते: आधी पाणी उडतं, मग काजळी आणि सड, शेवटी कोंब.

हिशोब मांडू. मेमध्ये १,२०० रुपये क्विंटलने कांदा चाळीत घातला असं धरा. चार महिन्यांचं व्याज महिना १ टक्क्याने ४८ रुपये. भरणी, निवडणी, गोणी मिळून ७२ रुपये धरले तर १,३२० झाले. घट ३० टक्के, म्हणजे क्विंटलचे ७० किलो उरले. १,३२० भागिले ०.७०, म्हणजे १,८८६ रुपयांना विकला तर चाळवाल्याला नफा शून्य. भाव दीडपटीहून वर गेला आणि कुणी एक रुपया कमावला नाही. हे कागदावर मांडून पाहिलं नाही की सप्टेंबरचा भाव दिसतो आणि ‘नफेखोरी’ हा शब्द तोंडात येतो. शिवाय यात जोखमीची किंमत धरलीच नाही. आणि सगळ्यात मोठी जोखीम आता पावसाची नाही, अधिसूचनेची आहे.

साठा मर्यादेचं गणित तर आणखी गमतीचं. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्राने घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ दुकानदाराला २ टन एवढीच मुभा दिली. निवडणी-पॅकिंगसाठी खरेदीपासून तीन दिवसांची सवलत जोडली. २५ टन म्हणजे एक मोठा ट्रक. रेल्वेचा ४२ डब्यांचा रेक भरायला सुमारे १,६०० टन लागतात, म्हणजे ६४ व्यापाऱ्यांचा कमाल साठा एकत्र केला तर एक रेक. दिल्ली किंवा गुवाहाटीला स्वस्तात माल पाठवायचा असेल तर रेक हवा. रेक भरायचा असेल तर चार-आठ दिवस माल जमवावा लागतो. आणि जमवणारा साठेबाज ठरतो. ग्राहकासाठी काढलेला आदेश ग्राहकाच्या गावाला जाणारी गाडीच अडवतो. व्यापारी मर्यादेला घाबरून लिलावात हात आखडता घेतो, आवारात भाव पडतो, आणि दूरच्या शहरात तो चढलेलाच राहतो. दोन्हीकडचे लोक त्याच व्यापाऱ्याला शिव्या घालतात.

अर्थशास्त्रज्ञ हाएकने १९४५च्या निबंधात सांगितलेली गोष्ट अशी की भाव म्हणजे हजारो ठिकाणी विखुरलेली माहिती एका आकड्यात गोळा होणं. कर्नाटकात पाऊस लांबला, राजस्थानात लागवड कमी झाली, बांगलादेशात माल संपत आला, हे लासलगावच्या कुणाही एकाला पूर्ण माहीत नसतं. पण बोली दहा रुपयांनी चढते त्यात हे सगळं थोडं थोडं असतं. दिल्लीचा आदेश आला की त्या आकड्यात एकच माहिती उरते: पुढचा आदेश कधी येणार. मग शेतकरीही टीव्हीवर पीक पाहणी सोडून मंत्र्यांची पत्रकार परिषद पाहतो.

२०२३-२४ची मालिका लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण एक ठिगळ दुसऱ्या ठिगळाला कसं बोलावतं ते तीत स्वच्छ दिसतं. १९ ऑगस्ट २०२३ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. लिलाव बंद पडले, म्हणून तीन दिवसांत २,४१० रुपये क्विंटलने सरकारी खरेदीची घोषणा झाली. शुल्क मालाच्या जाहीर किमतीवर, तेव्हा किंमत कमी दाखवून शुल्क वाचवायचा मोह आपसूकच तयार झाला. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी किमतीने माल बाहेर पाठवायचा नाही. त्या वेळच्या सुमारे ८३ रुपयांच्या दराने ते किलोला ६६ रुपये. एवढ्या भावाने आपला कांदा घ्यायला गिऱ्हाईक कोण? तरी भाव उतरेना, तेव्हा ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी. अधिसूचना आदल्या दिवशीची. जो माल आधीच कस्टम्सच्या ताब्यात गेला होता त्याला वाट मिळाली, रस्त्यावरच्या कंटेनरला नाही. लासलगावचा भाव थोड्याच दिवसांत जवळपास निम्म्यावर आला. बंदी चालू असताना ठरावीक देशांना सरकारी सहकारी संस्थेमार्फत कोटा दिला गेला, आणि एप्रिल २०२४मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली, तेव्हा नाशिकमध्ये काय संताप झाला तो आठवत असेलच. एकदा दार बंद केलं की मग किल्ली कुणाला, हाच धंदा होऊन बसतो.

४ मे २०२४ला बंदी ‘उठली’. अटी: किमान मूल्य ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. ५५० अधिक २२० म्हणजे ७७० डॉलर, किलोला साधारण ६४ रुपये. ऑक्टोबरच्या ८०० डॉलरपेक्षा फक्त ३० डॉलरने सैल. बातमीत बंदी उठली, हिशोबात नाही. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि ते शून्य झालं १ एप्रिल २०२५ला. निर्यात २०२२-२३मध्ये सुमारे २५ लाख टन होती. २०२३-२४मध्ये ती १७ लाखांवर आली. गेलेलं गिऱ्हाईक शुल्क उठताच परत येत नाही. २०१९च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत येऊन, आपण आचाऱ्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितलंय, असं हसत हसत ऐकवलं होतं. आपल्याकडे तो विनोद म्हणून छापला गेला. त्यांच्याकडे तो कांदा लागवड वाढवायचा निरोप होता.

आणि भाव पडले की सरकार उलट दिशेने धावतं. २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, कमाल २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे जास्तीत जास्त ७० हजार रुपये, तेही पट्टी, सातबारा, पीकपेरा असे कागद जुळले तर. चार महिन्यांनी, त्याच वर्षी, केंद्राने ४० टक्के शुल्क लावून वरचा भाव कापला. पडताना थोडं देणारा आणि चढताना सगळं काढून घेणारा हा भागीदार कुणी आपणहून धंद्यात घेतला नसता.

चाकणच्या कांद्यापासून १९७८मध्ये सुरुवात करणाऱ्या शरद जोशींनी याला ‘उणे सबसिडी’ म्हटलं: शेतकऱ्याला अनुदान मिळतं असा देखावा, आणि भाव दाबून त्याहून जास्त काढून घेतलं जातं. शेतकरी संघटनेची आधीची मागणी रास्त भावाची होती, म्हणजे सरकारनेच तो द्यावा अशी. पुढे ती बाजाराच्या आणि तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यापर्यंत गेली. या प्रवासाला मी विसंगती मानत नाही. कापूस एकाधिकार योजना डोळ्यांसमोर होती. १९७२पासून राज्यात कापूस फक्त सरकारने घ्यायचा, आणि शेजारच्या राज्यात भाव बरा असला की गाड्या रात्री सीमा ओलांडायच्या. आपल्याच शेतातला कापूस चोरून न्यावा लागतो हे एकदा पाहिलं की सरकारी हमीचं आकर्षण बरंच उतरतं.

तरी एक आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. कांदा ८० रुपये किलो झाला की मुंबईत हातावर पोट असलेल्या घराचं काय? त्याला ‘बाजार ठरवेल’ हे उत्तर म्हणजे उर्मटपणा. पण त्या घराला मदत करायची तर ती तिजोरीतून करावी, चाळवाल्याच्या खिशातून का? सरकारी बफरला, म्हणजे सरकारने आधीच घेऊन ठेवलेल्या साठ्याला, माझा तत्त्वतः विरोध नाही. घेताना बाजारात येऊन बोलीत घ्यावा, विकताना दिवस आणि भाव आधी सांगावा. बफरचा कांदाही आपल्यासारखाच सडतो, त्याला अधिसूचना कळत नाही, म्हणून पाच लाख टन घेतला म्हणजे पाच लाख टन हाताशी आहे असं समजू नये.

आणि निर्यात अडवायचीच असेल तर ती तक्त्याने अडवावी. जीवनावश्यक वस्तू कायद्यात २०२०च्या दुरुस्तीने असा एक तक्ता आला होता: बागायती मालाचा किरकोळ भाव गेल्या बारा महिन्यांच्या किंवा पाच वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत दुप्पट झाल्याशिवाय साठा मर्यादा नाही, दोन्हींतला कमी तो आधार धरायचा. कल्पना चांगली होती. पण विधेयक लोकसभेत आलं त्याच आठवड्यात, १४ सप्टेंबर २०२०ला, कांद्याची निर्यातबंदी निघाली, कारण ती वेगळ्या कायद्याखाली येते आणि तिथे असला काही तक्ता नाही. एका हाताने मोकळीक, दुसऱ्या हाताने कुलूप. पुढे २०२१मध्ये ही दुरुस्ती धरून तिन्ही कृषी कायदे मागे घेतले गेले, तेव्हा हा तक्ताही गेला, आणि त्याच्यासाठी कुणी रडलं नाही.

मला हवा तो तक्ता साधा आहे. लासलगाव आणि पिंपळगावचा पंधरा दिवसांचा सरासरी भाव घ्यायचा. कमाल नव्हे, कारण कमाल भाव दोन-चार ट्रॉल्यांना मिळतो आणि टीव्हीवर तोच दिसतो. तो अमुक रेषेच्या वर गेला तर शुल्क १० टक्के, त्यावर गेला तर २०, खाली आला की आपोआप शून्य. रेषा वर्षाच्या सुरुवातीला, उन्हाळ कांदा निघायच्या आधी जाहीर. बदल करायचा तर तीस दिवसांची सूचना, आणि करार झालेला माल सुटा. मंत्रालयांना हे आवडत नाही, कारण यात कुणी फोन करून काही मिळवू शकत नाही. पण मेमध्ये चाळीत कांदा ओतताना शेतकऱ्याला घटीचा आकडा माहीत असतो, व्याजाचा माहीत असतो. तिसरा आकडा हा तक्ता देईल.